विश्वाचा उगम बघायला दुधनीच्या पलीकडे

ज्यांना विश्वाचा उगम बघायचा असेल त्यांनी विलायतेला किंवा अमेरिकेला जायची गरज नाही. सोलापूर स्टेशनावर रायचूरकडे जाणारी सकाळची पॅसेंजर धरावी, दुधनीला उतरावं आणि पुढं बैलगाडीत बसावं. मी जाऊन आलो आहे. बरोबर पांघरूण न्यावं आणि पोट रिकामं न्यावं. पांघरूण विसरलं तरी चालेल.

गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं वाचतात, आणि वाचून झालं की भांडतात.

सोलापूर

मी बी.एस्सी. आहे. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी मराठी चौथीच्या पुढं गेलेलं नाही, त्यामुळं मी हे जरा वारंवार सांगतो. ज्यांच्या घरी तीन पिढ्या वकील आहेत त्यांना ते खटकतं. खटको. आमचं घर टेंभुर्णीकडचं, शेतीवाल्यांचं. परीक्षेचा निकाल लागला तेव्हा आमच्या दादांना, म्हणजे वडिलांना, वाटलं, पोरगं आता घोड्यावर बसून मामलेदार म्हणून येणार. मी म्हणालो, शाळेत शास्त्र शिकवणार आणि आकाशाचा अभ्यास करणार. दादांनी मान वर करून बराच वेळ आकाश न्याहाळलं आणि विचारलं, "तितं तुजं काय सांडलंय?"

काय सांडलंय ते सांगतो. गेल्या काही वर्षांत अमेरिकेतल्या एका डोंगरावरच्या प्रचंड दुर्बिणीतून दूरदूरचे तेजोमेघ तपासले गेले. तेजोमेघ म्हणजे तुम्हाआम्हाला धुरकट ठिपका दिसतो, पण असतो ताऱ्यांचा अख्खा मुलूख. त्याचा प्रकाश लोलकातून फोडला की रंगांच्या पट्ट्यात बारीक काळ्या रेघा दिसतात. या रेघांच्या जागा ठरलेल्या असतात. पण दूरच्या तेजोमेघांच्या रेघा आपली जागा सोडून तांबड्या रंगाकडे सरकलेल्या सापडल्या. याचा अर्थ ते आपल्यापासून लांब चालले आहेत, आणि जो जितका लांब तो तितका जोरात. आता जे आज लांब लांब चाललंय ते काल जवळ असणार, परवा त्याहून जवळ. असं मागं मागं गेलं की सगळं विश्व एका मुठीत मावेल अशी एक वेळ येते. तो उगम. बेल्जममधल्या एका गणिती पाद्र्यानं हे मांडलं आहे. पुष्कळ विद्वानांना ते अजून पटलेलं नाही, आणि आमच्या ड्रिलमास्तरांनाही नाही.

ड्रिलमास्तरांना न पटण्याचं कारण वेगळं होतं. शाळेच्या गच्चीवर एक खोली आहे. मला तिथं वेधशाळा हवी होती, त्यांना तिथं लेझमी ठेवायच्या होत्या. हेडमास्तर माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्या वेधशाळेत दुर्बीण कुठाय?" दुर्बीण नव्हती. शास्त्राच्या कपाटात एक पृथ्वीचा गोल होता, त्याची आफ्रिका खरवडलेली, आणि दोन भिंगं. हेडमास्तरांनी निकाल दिला, "संक्रांतीच्या आत दुर्बीण आली तर खोली तुमची. नाहीतर लेझमी." ड्रिलमास्तरांनी त्याच दिवशी खोलीत खिळे ठोकायला सुरुवात केली.

अशा वेळी शिवलिंगप्पा भेटले. हे दुधनीच्या पलीकडच्या गावचे भुसार मालाचे व्यापारी, त्यांना सगळे अप्पा म्हणतात. त्यांचा भाचा माझ्या वर्गात. त्याला भेटायला आले तेव्हा माझं रडगाणं ऐकून म्हणाले, "मास्तर, तसली एक पितळी नळी आमच्या घरी हाय की. रेल्वेचा एक साहेब मायदेशी गेला, तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात घेतली. मला वाटलं पाण्याचा पंप. पाणी घालून बगितलं, हिकडनं घातलं तर तिकडनं येत न्हाय. सगळं गाव हसलं मला. तुमी या, तिचं काम काय ते गावाला दाखवा, अन् घेऊन जा शाळेला."

मी त्याच आठवड्याची सुटी मागितली. मार्गशीर्षाची अमावस्या तोंडावर होती. चंद्राची कटकट नाही, आकाश स्वच्छ. ड्रिलमास्तर मला पोचवायला स्टेशनावर आले होते. एवढं प्रेम मी त्यांच्यात पूर्वी पाहिलं नव्हतं.

दुधनी

होटगी गेली की डब्यातली मराठी विरघळायला लागते. आधी हेल बदलतो, मग मधेमधे कानडी शब्द येतात, आणि अक्कलकोट रोडपर्यंत सगळा डबा कानडीत हसत असतो आणि आपण एकटे मराठीत गप्प असतो. मला कानडीतलं 'हौदु' एवढंच येत होतं. हौदु म्हणजे होय. समोरच्या आजोबांनी बरंच काही विचारलं, मी प्रत्येक वेळी हौदु म्हणालो. उतरताना ते मला आशीर्वाद देऊन गेले. मी कशाकशाला होय म्हणालो ते देव जाणे.

दुधनीला अप्पांची गाडी घेऊन हणमा आला होता. हणमा म्हणजे मिशी आधी आणि माणूस मागून. आम्ही फलाटावर असतानाच मेल न थांबता शिट्टी फुंकत धडधडत निघून गेली. मला संधी सोडवेना.

"हणमा, ऐकलंस? गाडी येताना शिट्टी चढी होती, लांब जायला लागली तशी उतरली. का?"

"दमतंय की इंजान," हणमा म्हणाला. "मुंबैपासनं वरडत आलंय."

"दमत नाही रे. लांब जाणाऱ्याचा आवाज उतरतो. प्रकाशाचंही तसंच. लांब जाणाऱ्याचा प्रकाश तांबडा होतो."

हणमानं गाडीच्या मागच्या तांबड्या दिव्याकडे बोट केलं. "व्हय, खरंच की! जाताना तांबडाच दिसतोय."

तो दिवा मुळातच तांबडा असतो हे मी त्याला गाव येईपर्यंत समजावत होतो. तो "बरं" म्हणत होता आणि प्रत्येक भेटणाऱ्या गाडीवानाला "मास्तरनी शिट्टीचं सांगितलं" म्हणून तांबड्या दिव्याचं सांगत होता.

अप्पांचं घर

आमच्याकडे पाहुणा आला की आधी गूळपाणी, मग चौकशी, मग जेवण. अप्पांकडे आधी जेवण, मग जेवण, मग चौकशी. अप्पांच्या पत्नी नीलव्वा, ज्यांना मी अक्का म्हणू लागलो, त्यांनी कडक भाकरीचा ढीग, घट्ट दही आणि शेंगांची चटणी समोर ठेवली आणि "ऊटा माडरी" म्हणून शेजारी उभ्याच राहिल्या. जेवा, असा अर्थ. तो शब्दांपेक्षा त्यांच्या हातातल्या पळीवरून जास्त कळत होता.

हात धुऊन मी म्हणालो, "दुर्बीण कुठाय?"

दुर्बीण अंगणात होती. तिच्या लाकडी तिवईवर पाण्याची घागर ठेवलेली होती आणि नळी दोन खुंट्यांवर आडवी टाकून तिच्यावर लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या. मी मिरच्या बाजूला केल्या, नळीच्या तोंडाला बांधलेलं फडकं काढलं. पुढचं मोठं भिंग शाबूत! मला नाचावंसं वाटलं, पण पदवीधर माणसाला अंगणात नाचता येत नाही. नळी उचलली, उलटी केली. ज्याला डोळा लावायचा ते मागचं छोटं भिंगच नव्हतं. तिथं भोक.

"अप्पा, हे मागचं भिंग?"

अप्पांनी खांबाकडे बघितलं. अक्कांनी अप्पांकडे बघितलं. शेवटी अक्का म्हणाल्या, "ते पाटलाकडं हाय. ह्यांनीच दिलं, दोस्ती होती तवा. आता बोलत न्हाईत."

"का?"

"जत्रंत पहिला नारळ कुणी फोडायचा त्यावरनं. दोगांनी एकदमच फोडला. मग कुणाच्या नारळाचं पाणी आधी उडालं, त्यावर चार वर्सं झाली."

अप्पा ताडकन म्हणाले, "माझ्या!"

पाटलांचं घर

संध्याकाळी मी मल्हारराव पाटलांकडे गेलो. दारात रांग होती. एक म्हातारी पाय पुढं करून बसली होती, आणि पाटील माझं भिंग, म्हणजे अप्पांचं भिंग, म्हणजे दुर्बिणीचं भिंग डोळ्याला लावून तिच्या टाचेतला बाभळीचा काटा शोधत होते. काटा निघाला. म्हातारीनं त्यांची दृष्ट काढून कानशिलावर बोटं मोडली. तेव्हा कळलं की पंचक्रोशीतले काटे इथंच निघतात आणि पाटलांचा निम्मा रुबाब त्या भिंगावर आहे.

मी सगळं सांगितलं. तेजोमेघ, तांबड्या रेघा, उगम. पाटलांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "मास्तर, तुमी शिकल्याला मानूस. तुमीच सांगा. सगळं जग मुठीत हुतं ते बगायचं म्हून आज लोकांच्या पायात काटं ठिवायचं?"

"शाळेच्या कपाटातलं चांगलं भिंग पाठवतो मी तुम्हाला. काटे काढायला याच्यापेक्षा सोपं."

"ते ठीक. पर नळी हितं पाटवा म्हनावं. माज्या गच्चीवर लावू, मग बगू."

अप्पांकडे येऊन सांगितलं. अप्पा म्हणाले, "नळी माझी. भिंग हितं येऊ दे." पुन्हा पाटलांकडे. पाटील म्हणाले, नळीनं यावं. दोन घरांच्या मधे एकच भिंत आहे, पण दारं दोन गल्ल्यांत. मी त्या संध्याकाळी इतक्या चकरा मारल्या की कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली. रात्री अंथरुणावर पडलो तर डोळ्यांपुढं तेजोमेघ नव्हते, खोलीत ओळीनं टांगलेल्या लेझमी होत्या.

येळवस

दुसऱ्या दिवशी वेळ अमावस्या. तिकडं तिला येळवस म्हणतात. आमच्या टेंभुर्णीकडे हा सण नाही, आणि नाही याचं मला आता वाईट वाटतं. त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही, सगळे आपापल्या रानात. हिरव्या ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करतात, तिच्यात पाच दगड पांडव म्हणून मांडतात, पूजा करतात आणि मग जेवतात. जेवण म्हणजे काय! भज्जी, म्हणजे हरभरा, वाटाणा, तुरीचे दाणे, रानातल्या असतील नसतील तेवढ्या भाज्या डाळीच्या पिठात एकत्र शिजवलेल्या. तीळ लावलेल्या सजगुऱ्याच्या भाकरी. सजगुरा म्हणजे आपली बाजरी. पिठाचे उकडलेले उंडे, गव्हाची खीर, आणि मातीच्या बिंदगीतली गार आंबट आंबील. पहिल्या पेल्याला वाटतं, ताक बरं होतं. दुसऱ्या पेल्यानंतर ताकाचं नाव निघत नाही. आणि रीत अशी की वाटेनं जाणाऱ्या कुणालाही हाक मारून जेवायला बसवायचं. ज्यानं हाक ऐकली त्यानं बसायचंच.

अप्पांना मी गळ घातली म्हणून त्यांनी नळी आणि तिवई गाडीत टाकून रानात आणली होती. "तुमची हौस," म्हणाले. पूजा चालू होती तेवढ्यात मी उत्तरेकडचं आकाश झाडांआड जाईल का ते बघायला बांधावरून निघालो. बांधाच्या पलीकडचं रान कुणाचं, हे विचारायचं मला सुचलं नाही. तिथून हाक आली, "मास्तर, या जेवाया!"

ते पाटील होते. रीत काल रात्रीच अक्कांनी सांगितली होती, हाक मोडायची नाही. मी बसलो. आणि भज्जी इतकी झकास होती की मी नीट जेवलो.

अप्पांच्या कोपीत परत आलो. पानं मांडलेली, कुणी हात लावलेला नाही. पाहुण्यासाठी सगळे थांबले होते. माझ्या सदऱ्यावर भज्जीचा डाग होता.

"माझा पाहुणा," अप्पा हळू म्हणाले, "आणि येळवशीचा पहिला घास तिकडं?"

मी मुकाट्यानं पानावर बसलो आणि सगळं जेवण पुन्हा पहिल्यापासून जेवलो. खीर दोनदा घेतली. आंबील तर मोजली नाही. पोट तबल्यासारखं झालं, तरी अप्पांचा चेहरा सैल होईना. शेवटी म्हणाले, "हणमा, नळी गाडीत घाल. मिरच्यांना बरी हाय ती."

हणमा नळीकडे निघाला. पलीकडे आवाज ऐकून पाटलांकडची सगळी मंडळी बांधाला येऊन उभी राहिलेली. पाटील मिशीत हसत म्हणाले, "पहिला घास आमचा म्हना की!"

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी बांधावर चढलो आणि भर जेवणावर जेवढा आवाज निघतो तेवढ्यात ओरडलो, "अहो, कुणाचाच पहिला नसतो! एवढं मोठं विश्व, त्यात पहिलं ठिकाण नाही, मधलं ठिकाण नाही, हेच तर सांगायला आलोय मी! मधे कोण ते विश्वाला ठरवता आलेलं नाही, तुम्ही नारळाचं काय ठरवता?"

 अक्का पदराला हात पुसत पुढं आल्या. "ओरडू नका मास्तर. दाखवा. त्यासाठीच आलाय न्हवं?"

बांधावर

मी दोन्हीकडच्या माणसांना बांधावर एका ओळीत उभं केलं. एकमेकांत हातभर अंतर. अप्पा आणि पाटील बरोबर मधे, शेजारी शेजारी, तोंडं दोन दिशांना. एका टोकाला हणमा, दुसऱ्या टोकाला पाटलांचे मेव्हणे, जे अंगानं भरदार आहेत.

"मी टाळी वाजवली की तुमच्या आणि शेजारच्याच्या मधलं हातभर अंतर चार हात व्हायला पाहिजे. सगळ्यांचं. एकदमच."

"यवडंच?" मेव्हणे म्हणाले.

मी टाळी वाजवली. मधल्यांना दोन पावलं टाकावी लागली. त्यांच्या पलीकडच्यांना थोडं चालावं लागलं. त्यांच्या पलीकडच्यांना पळावं लागलं. हणमा तर शेपूट धरून ओढल्यासारखा बांधाच्या टोकापर्यंत धावत गेला. मेव्हण्यांच्या बाजूला बांध संपला, मेव्हणे संपले नाहीत. ते मोटेच्या पाटात गेले. पाटात पाणी होतं.

मेव्हण्यांना बाहेर काढल्यावर मी विचारलं, "आता सांगा, कोण पळालं?"

"ते समदे पळाले," पाटील म्हणाले. "मी हितंच. मधी."

"मधे मी हाय," अप्पा आकाशाला म्हणाले. "लोक माझ्यापासनं लांब गेले."

"मेव्हणे, तुम्ही?"

मेव्हणे धोतर पिळत म्हणाले, "मला तर दिसलं, समदं रान माज्यापासनं पळतंय. मंग पानी आलं."

"झालं तर!" मी म्हणालो. "प्रत्येकाला वाटतं, मी मधे आणि बाकीचे पळताहेत. जो जास्त लांब तो जास्त जोरात. तेजोमेघांचं हेच आहे. कुठल्याही तेजोमेघावर जाऊन बसा, तिथल्या माणसाला हेच दिसेल. पाटील, तुम्ही विश्वाच्या मधे आहात, हे शास्त्रानं खरं आहे."

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला.

"आणि अप्पा, तुम्हीही आहात. तितकेच."

पाटलांचा हात मिशीवरच थांबला. अप्पांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं.

"आता उलटं," मी म्हणालो. "काळ मागं न्यायचा. मी टाळ्या वाजवत जाईन तसं अंतर कमी करा. चार हात, हात, वीत, चार बोटं."

आले सगळे. बायका हसत, म्हातारे कण्हत, हणमा लांबून पळत, मेव्हणे ओलेच. बांध अरुंद. चार बोटांवर आलो तेव्हा सगळं विश्व एकमेकांना धरून तोल सांभाळत होतं. मी आणखी एक टाळी वाजवली. दोन्ही घरांचा एक गोळा झाला, आणि त्या गोळ्याच्या बरोबर आत अप्पा आणि पाटील, छातीला छाती लावून.

 मग गोळ्यातून पाटलांचा आवाज आला, "अप्पा, कमरंची किल्ली टोचतीया तुमची."

चार वर्षांतलं पहिलं वाक्य होतं ते.

"मग सरका की जरा," अप्पा म्हणाले.

"कुटं सरकू? जागाच न्हाय."

"जागा नव्हतीच!" मी बाहेरून ओरडलो. "बरोबर बोललात पाटील! जागासुद्धा त्याच गोळ्यात होती! बाहेर काही नव्हतं!"

"बाहेर तुमी हाय की मास्तर," आतून अक्का म्हणाल्या. "आत या, न्हायतर सोडा आमाला."

 मी सोडलं. विश्व फुटलं आणि हसत हसत दोन्ही रानांत पडलं. पाटील उठले, बंडीच्या खिशातून भिंग काढलं, ते धड आहे ना बघितलं, आणि अप्पांकडे न बघता अप्पांच्या हातात दिलं.

तिवई बांधावरच लावली. एक पाय अप्पांच्या रानात, एक पाटलांच्या रानात आणि तिसरा बांधावर. जागा दोघांनी मिळून मापून दिली. सूर्य बुडाला. तिकडच्या रीतीप्रमाणं पोरांनी कडब्याच्या चुडी पेटवून पिकाभोवती फेऱ्या मारल्या, त्या धुरात मला समोरचा बैल दिसेना, मग तेजोमेघ कुठला दिसायला? पण धूर निवला आणि अमावस्येचं आकाश असं उघडलं की सोलापुरात राहणाऱ्यानं ते विसरूनच गेलेलं असतं. मला हवा तो तेजोमेघ ज्या तारकासमूहात आहे ती देवयानी डोक्याच्या जरा उत्तरेला होती. मान मोडेपर्यंत वाकून मी नळी लावली. हलत होती. मिरचीचा वास येत होता, डोळा चुरचुरत होता. पण सापडला! तो धुरकट, लांबोडका, मऊ ठिपका. त्यातून निघालेला उजेड लाखो वर्षं चालत येऊन आज येळवशीला पोचला होता. माझ्या डोळ्याला पाणी आलं. मी सांगितलं, मिरचीचं आहे.

"या," मी म्हणालो. "बघा."

आणि मी दचकलो. कारण पहिला कोण?

अप्पा म्हणाले, "पाटील, बगा की." पाटील म्हणाले, "छे छे, अप्पा, नळी तुमची." "भिंग तुमचं." "तुमी वडील." "गावचा मान तुमचा." आता याच्यावरून भांडण! तेजोमेघ नळीतून सरकत चाललेला. अक्का दोघांच्या मधून गेल्या, वाकल्या आणि डोळा लावला.

"कापूस हाय की," त्या म्हणाल्या. "पिंजलेला."

मग सगळ्यांनी बघितलं. कुणाला कापूस दिसला, कुणाला विभूतीचं बोट, हणमाला काहीच दिसलं नाही पण त्यानं ते फार सुंदर आहे म्हणून सांगितलं. पाटील सर्वांत जास्त वेळ बघत बसले. मग वर झाले.

"म्हंजे मास्तर, ह्यो बी आपल्यापासनं लांब पळतोय?"

इथं मी अडकलो. वाचकहो, तुम्हाला सांगतो, मला 'हौदु' म्हणायचा फार मोह झाला. समोर दुर्बीण, मागं लेझमी. पण मी बी.एस्सी. आहे. ती खोटं बोलून मिळवलेली नाही.

"नाही," मी म्हणालो. "बाकीचे दूरचे सगळे लांब चाललेत. हा एकटा मोठा दिसतो, आणि हाच उलट आपल्याकडे येतोय."

"आं?" अप्पा म्हणाले.

"मंग दुपारपासनं आमाला पळवलं ते?" मेव्हणे म्हणाले. त्यांचं धोतर अजून वाळलं नव्हतं.

"ते खरंच आहे. सगळं विश्व पसरतंय. पण हा फार जवळचा. इतक्या जवळच्यांची एकमेकांना ओढ असते, ती त्या पसरण्यापेक्षा जास्त. म्हणून जग सगळं पांगलं तरी हे दोघं पांगत नाहीत."

पाटलांनी नळीकडे बघितलं, अप्पांकडे बघितलं. मग म्हणाले, "शेजारी हाय म्हना की."

"हो. शेजारी."

"भिंतीला भिंत," अप्पा म्हणाले, आणि नळीला पुन्हा डोळा लावला.

त्या रात्री गावी परतताना दोन्ही गाड्या एकामागं एक होत्या. पुढची कुणाची ते मी बघितलं नाही.

परत सोलापूर

दुर्बीण मिळाली. मागच्या भिंगासकट. माझ्या कपाटातलं भिंग पाटलांकडे गेलं आणि त्यातून काटे जास्त मोठे दिसतात असा निरोप आला. माझ्या गच्चीवरच्या खोलीतले खिळे ड्रिलमास्तरांनी स्वतः उपटले, आणि मग पहिल्याच संध्याकाळी बघायला येऊन विचारलं, त्या तेजोमेघावर लेझीम खेळत असतील का. मी म्हणालो, असतील.

फक्त एक अट होती. देणाऱ्यांची नावं दुर्बिणीवर कोरायची. निघायच्या सकाळी दोघंही मला पोचवायला गाडीपाशी आले. अप्पा म्हणाले, "पाटलांचं आधी घाला." पाटील म्हणाले, "अप्पांचं आधी." दोघांनी मला वेगवेगळं बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "मी म्हणालो खरं, पण बघा बरं का मास्तर." मी म्हणालो, आधी आणि नंतर येणारच नाही अशी नावं घालतो. नळीच्या तोंडाला पितळेचं गोल कडं आहे, त्याच्यावर सारख्या अंतरानं गोलात कोरतो. गोलाला सुरुवात नसते. विश्वाला मधलं ठिकाण नाही तशी. दोघांनाही ते फार आवडलं, आणि मलाही. शिक्षणाचा असा चोख उपयोग माझ्या हातून पूर्वी झाला नव्हता.

काल ते कडं घेऊन तांबटाकडे गेलो. त्याला सगळं समजावलं. गोल, सारखं अंतर, कुणी पहिलं नाही, कुणी शेवटचं नाही. त्यानं नीट ऐकून घेतलं, कडं चिमट्यात धरलं, छिन्नी टेकवली, हातोडी उचलली आणि माझ्याकडे बघितलं.

"ते समदं कळलं मास्तर. पर पहिलं अक्षर कुणाचं मारू?"

मी कडं बघितलं, छिन्नी बघितली. मग तांबटाकडे पाठ केली, रस्त्याकडे तोंड केलं, कानात बोटं घातली आणि म्हणालो, "मार."